धबधबा आटतो तेव्हा



श्रावणात कपिलधारला गेलेल्या माणसाला 'देव कुठे आहे?' असा प्रश्न पडत नाही. बीड शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगरात हे स्थान आहे. संत मन्मथस्वामींची तेथे समाधी आहे आणि जवळच कड्यावरून पाण्याची धार कोसळत असते. तुषार अंगावर येतात, डोंगर हिरवागार झालेला असतो, ओल्या मातीचा वास सगळीकडे भरून राहिलेला असतो. अशा वेळी हात जोडा असे कोणी सांगावे लागत नाही, ते आपोआप जोडले जातात. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथेही हेच घडते. विंचरणा नदी खोल दरीत झेपावते आणि दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्यात तेथे उभ्या राहिलेल्या माणसाला आधी धबधब्याला नमस्कार करावा की आधी महादेवाला, हेच कळत नाही.

परंतु याच कड्यापाशी चैत्रात जाऊन पाहावे. धार आटलेली असते. कातळ तापलेला असतो. झाडांना पान नसते आणि पायथ्याच्या गावात हंडे रांगेला लागलेले असतात. तेव्हा कोणी हात जोडत नाही, फोटो काढायलाही कोणी थांबत नाही. मग विचारावेसे वाटते की, श्रावणात येथे असलेला देव चैत्रात कुठे गेला? धबधब्याबरोबर तोही आटला काय?

हा प्रश्न विनोदाचा नाही. बीड जिल्ह्यातील माणसाला तो दर दोन-तीन वर्षांनी पडतो. जेथे बारमाही नद्या आणि हिरवी कुरणे आहेत, तेथे निसर्गात ईश्वर पाहणे सोपे आहे. पर्जन्यछायेतल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या माळरानावर ते सोपे नाही. म्हणूनच 'निसर्गात आणि साध्या माणुसकीत देव पाहावा' हे वाक्य बीडच्या भूमीवर उभे राहून तपासले पाहिजे. येथे ते खरे ठरले, तर ते कुठेही खरे ठरेल.

दुष्काळाची साक्ष

या भूमीने काय काय पाहिले आहे, त्याची थोडी उजळणी करावी. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे आजही गावोगावी आहेत. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची कामे, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि मुलांच्या वाटीत पडणारी सुकडी हे सारे त्यांनी भोगले आहे. २०१२-१३ मध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या. दावणीची जनावरे घेऊन शेतकरी कुटुंबेच्या कुटुंबे छावणीत राहिली. २०१५-१६ मध्ये तर मांजरा धरण कोरडे पडले. मांजरा नदी पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि तिच्यावरचे हे धरण केज तालुक्यात धनेगावला आहे. त्या धरणावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले.

आणि पाऊस न येणे हेच केवळ संकट आहे असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली. सिंदफणेला पूर आला, उभी पिके पाण्याखाली गेली, अनेक ठिकाणी शेतातली मातीच खरवडून निघाली. ज्या ढगांकडे वर्षानुवर्षे आशेने पाहिले, त्याच ढगांनी होते नव्हते ते नेले.

अशा भूमीत 'निसर्ग म्हणजे ईश्वराचे सुंदर रूप' एवढेच म्हणून थांबता येत नाही. निसर्ग सुंदर आहे तसाच तो कठोरही आहे. तो देतो आणि नेतोही. केवळ देताना त्याला देव म्हणावे आणि नेताना तोंड फिरवावे, तर ती भक्ती कसली? तो एक व्यवहार झाला. दुसऱ्या बाजूला, नेतानाही 'देवाची इच्छा' म्हणून हातावर हात ठेवून बसावे, तर ती श्रद्धा नव्हे, तो आळस झाला. या दोहोंच्या मधला मार्ग आपल्या परंपरेने कसा दाखविला, हे पाहण्यासाठी अंबाजोगाईला जावे लागते.

पासोडीवर लिहिलेले तत्त्वज्ञान

अंबाजोगाई ही योगेश्वरीची नगरी. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी येथेच असल्याचे परंपरा मानते. याच नगरीत दासोपंत होऊन गेले. इ. स. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. गीतेवर प्रचंड भाष्य लिहिणारा हा ग्रंथकार. परंतु त्यांची सर्वांत विलक्षण कृती कागदावर नाही, ती कापडावर आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या एका पासोडीवर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला. अंबाजोगाईत ती पासोडी जतन करून ठेवलेली आहे.

पासोडी म्हणजे काय? थंडीत अंगावर घ्यावयाचे जाड कापड. गरिबाच्या घरातही ती असते. वेदान्तासारखा गहन विषय अशा कापडावर लिहावा, याचे आश्चर्य वाटते. परंतु विषय काय आहे हे ध्यानात घेतले म्हणजे ते आश्चर्य काहीसे ओसरते. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पाच भूतांपासून हे सारे विश्व कसे घडले, त्याचा विचार म्हणजे पंचीकरण. ज्यापासून डोंगर झाला त्यापासूनच देह झाला आणि त्यापासूनच देहावरची पासोडीही झाली.

या सिद्धान्तात एक हिशेब सांगितला आहे. प्रत्येक स्थूल भूतामध्ये निम्मा भाग त्याचा स्वतःचा असतो. उरलेल्या निम्म्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश भाग मिसळलेला असतो. म्हणजे पाण्यात केवळ पाणीच नाही, त्यात पृथ्वीही आहे, तेजही आहे, वायू आणि आकाशही आहे. निखळ स्वतःपुरते असे या सृष्टीत काहीच नाही. ज्याला 'माझे' म्हणावे त्यातले निम्मे दुसऱ्यांचे असते.

दासोपंतांनी हे भौतिकशास्त्र म्हणून लिहिले नाही आणि आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर ते घासून पाहण्याचेही कारण नाही. त्यातील दृष्टी महत्त्वाची आहे. कोरड्या कड्यात आणि कोरड्या पडलेल्या घशात एकच भूत कमी पडलेले आहे, हे ज्याला दिसले, त्याला दोहोंचे दुःख वेगळे वाटत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात पाण्याची चव हेही भगवंताचेच रूप असल्याचे सांगितले आहे. आता चव ही काही नदीत किंवा धरणात कळत नाही. तहानलेल्याच्या जिभेला पाणी लागते तेव्हा चव कळते. म्हणजे भगवंताचे हे रूप प्रकट होण्यासाठी पाणी हवे, तहानलेला जीव हवा आणि पाणी त्याच्यापर्यंत नेणारा कोणीतरी हवा. श्रावणात हे काम धबधबा करतो. चैत्रात मात्र ते माणसाला करावे लागते.

चैत्रात देव कुठे जातो, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. तो कुठेही जात नाही. धबधबा आटल्यावर त्याला प्रकट व्हायला माणसाच्या हाताखेरीज दुसरी वाट उरत नाही, इतकेच.

कावड कुणासाठी?

दासोपंतांचे ज्येष्ठ समकालीन म्हणजे गोदातीरी पैठणचे एकनाथ महाराज. त्यांची कथा घराघरांतून सांगितली जाते. काशीच्या गंगेचे पाणी कावडीने रामेश्वराला नेत असता वाटेत तहानेने तडफडणारे एक गाढव दिसले आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजले. ही कथा ऐकताना आपण नाथांच्या दयेचे कौतुक करतो. परंतु त्या प्रसंगी वाटेवरून इतर यात्रेकरूही जात होते, त्यांच्याही खांद्यावर कावडी होत्या आणि गाढवही सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, हे विसरून चालत नाही. नाथांचे वेगळेपण दान करण्याच्या आधी सुरू होते. त्यांना ते गाढव दिसले. इतरांच्या डोळ्यांवर रामेश्वराच्या ओढीचे पडदे आले होते. नाथांना रामेश्वर वाटेतच भेटला.

या पाहण्यालाच आपल्या पूर्वजांनी दैनंदिन आचाराचे रूप दिले. पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ आहे तसा भूतयज्ञही आहे. ताटावर बसण्यापूर्वी गायीचा घास, कावळ्याचा घास, मुंगीला पीठ, दारी आलेल्याला भाकरी या गोष्टी घरातील म्हातारी बाई कोणताही ग्रंथ न वाचता करीत आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून त्याला जेवणाचे आवतण दिले जाते. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घट दिला जातो. वैशाखाच्या तोंडावर पाण्याचे दान सांगणाऱ्याला या देशाचा उन्हाळा चांगला ठाऊक होता. भूक लागण्याआधी दुसऱ्याच्या भुकेची आठवण व्हावी, हे वळण त्यामागे होते. रूढी राहिली आणि आठवण गेली, तर दोष रूढी घालून देणाऱ्यांचा नाही.

न पाहिलेल्यांसाठी केलेले

बीड शहराजवळ एक जुनी विहीर आहे. खजाना विहीर या नावाने ती प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकात, निजामशाही अमदानीत ती बांधली गेली. विहिरीचे पाणी उताराने, कोणत्याही यंत्राविना, खालच्या शेतांकडे नेण्याची योजना तीत आहे. दुष्काळातही ही विहीर आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. चार शतकांपूर्वी ज्या गवंड्यांनी तिचे चिरे बसविले, त्यांची नावे कुणाला माहीत नाहीत. त्या पाण्यावर पुढे कोणाचे मळे पिकतील, हे त्यांनाही माहीत नव्हते. ज्याचे तोंड कधी दिसणार नाही त्याच्यासाठी काम करून ठेवणे, ही माणुसकीची फार वरची पायरी आहे. रस्त्याकडेला वड-पिंपळ लावणाऱ्यानेही हेच केले. त्याच्या सावलीत तो स्वतः बसला नाही.

पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य हेही असेच एक उदाहरण मानावे लागेल. १९९४ मध्ये शासनाने या परिसराला अभयारण्याचा दर्जा दिला. परंतु शासन दर्जा देऊ शकते, मोर देऊ शकत नाही. मोर शेतातले दाणे टिपतो, कोवळी रोपे टोचतो. ज्या मुलखात शेतकऱ्याच्या पदरात आधीच थोडे पडते, तेथे मोर वाढले ते येथील लोकांनी सोसल्यामुळे. शेतात मोर दिसला म्हणजे शेतकऱ्याला सरस्वतीचे वाहन आठवते, कार्तिकेय आठवतो आणि हातातला दगड खाली पडतो. निसर्गात देव पाहणे म्हणजे काय, याची व्याख्या एवढ्या एका कृतीत सामावते.

एकाच तालुक्यातील दोन दारे

जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांत शिरूर कासारचे नाव नेहमी घेतले जाते. या एकाच तालुक्यातील दोन ठिकाणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले आर्वी येथील 'शांतिवन'. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा या व्यवसायाचा हिशेब आहे. चार-पाच महिने फडाशेजारच्या कोपीत संसार होतो. मागे गावात म्हातारी माणसे उरतात. मुले सोबत नेली तर शाळा सुटते आणि मागे ठेवली तर पाहायला कोणी नसते. दीपक आणि कावेरी नागरगोजे या दांपत्याने अशा मुलांना जवळ केले. ऊसतोड कामगारांची मुले, अनाथ मुले, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची मुले तेथे राहतात आणि शिकतात. बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीबाधित बालकांसाठी असेच घर उभे केले. नातलगांनीही ज्यांना हात लावायचे टाळले, त्या लेकरांना मांडीवर घेणारे कोणीतरी निघाले.

दुसरे ठिकाण दहिवंडी. तेथील सय्यद शब्बीर यांना लोक 'शब्बीरमामू' म्हणतात. २०१९ मध्ये त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली तेव्हा महाराष्ट्राला त्यांचे नाव कळले. त्यांच्या वडिलांचा व्यवसाय कसायाचा होता. जनावरांचे ते मरण पाहून वडिलांचे मन उडाले. त्यांनी धंदा सोडला आणि गायी सांभाळायला सुरुवात केली. मुलाने तो वसा पुढे चालविला. 'पद्मश्री' जाहीर झाली तेव्हा दीडशेहून अधिक जनावरे त्यांच्याकडे होती. शेणखत विकून येणाऱ्या पैशातून चारा-पाण्याची तोंडमिळवणी करायची आणि शेतकऱ्याला बैल देताना 'सांभाळणे जमले नाही तर परत आणून दे' अशी अट घालायची, असा त्यांचा क्रम. दुष्काळात माणसांनाच पाणी मिळत नसताना या जनावरांचे कसे निभावले असेल, याची कल्पना छावणीत राहिलेल्या शेतकऱ्यालाच येईल.

गाय ही माता आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हातारी, भाकड, दावणीवरून सोडून दिलेली गाय आपल्या दारात बांधून घेणारे थोडे आहेत. ज्याच्या घरात ती बांधली गेली त्याची उपासनापद्धती कोणती, हा प्रश्न गायीने विचारला नाही. गोभक्तांनीही आधी त्या माणसाला नमस्कार करावा आणि मग स्वतःच्या गोठ्याकडे पाहावे, हे उचित होय.

वारीची भाकरी

ही मोठी उदाहरणे झाली. ती ऐकून 'असे आपल्याच्याने कसे होणार?' असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. म्हणून एक साधे, दरवर्षी घडणारे उदाहरण पाहावे.

आषाढी वारीला संत मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि बीडवरून पंढरपूरकडे जाते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई या मार्गाने जाते. हे दिवस असतात पेरणीचे. शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. बियाणे उधारीवर आणलेले असते आणि पाऊस आलेला नसतो. अशा दिवसांत दिंडी गावात येते. कोणीही सांगत नाही, यादी होत नाही, तरी घराघरांतून भाकरी, पिठले, ठेचा येऊन पडतो. कोणी वारकऱ्यांचे पाय चेपतो, कोणी फाटलेली चप्पल शिवून देतो, कोणी अंघोळीसाठी आपला बोअर सुरू करतो. ज्याच्या कणगीत पुढच्या महिन्याचे धान्य आहे की नाही याची खात्री नाही, तोही त्या दिवशी दाता होतो.

असे का घडते? वारकऱ्याच्या रूपाने पांडुरंगच दारात आला, असे तो मानतो म्हणून घडते. आणि वारकरीही तेच मानतो. भाकरी देणाऱ्याच्या पायाला तो हात लावतो. देणारा घेणाऱ्यात देव पाहतो आणि घेणारा देणाऱ्यात. दोघांपैकी कोणीही स्वतःला देव समजत नाही. म्हणून देणाऱ्याला अहंकार होत नाही आणि घेणाऱ्याला लाज वाटत नाही. समाजसेवेच्या कितीही योजना आखल्या तरी हा तोल साधणे अवघड असते. वारीत तो सहज साधतो.

काय बोलू नये

येथे एका गोष्टीचे भान ठेवणे फार आवश्यक आहे. निसर्गात आणि घटनांत देव पाहणारा माणूस कधीकधी दुसऱ्याच्या दुःखावर तत्त्वज्ञानाचे पांघरूण घालू लागतो. ज्याचे पीक जळाले त्याला 'देवाची लीला' म्हणून सांगणे सोपे असते. ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाने कर्जापायी गळफास घेतला, त्या घरी जाऊन 'प्रारब्ध' हा शब्द उच्चारणे सोपे असते. परंतु त्यात श्रद्धा नाही आणि दयाही नाही. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखाच्या वेळी करावा. दुसऱ्याच्या दुःखात तो करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे मुकाट्याने बसावे, चूल पेटली की नाही ते पाहावे, मुलाच्या शाळेचे काय झाले ते विचारावे, सावकाराच्या किंवा बँकेच्या कागदांपुढे त्या विधवेबरोबर उभे राहावे. एकनाथांनी त्या गाढवाला पूर्वजन्मीच्या कर्माविषयी प्रवचन दिले नाही. त्यांनी कावड उतरवली.

दुरावलेल्या गावात

या विषयाचे आणखी एक अंग आहे आणि ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२३-२४ या काळात आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठवाड्यातल्या, विशेषतः बीडमधल्या गावागावांत दुरावा आला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच बांधावर काम केलेली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नये, तमक्याच्या कार्याला जाऊ नये, अशी भाषा ऐकू आली. मागण्यांचा न्याय-अन्याय ठरविण्यासाठी विधिमंडळ आहे, न्यायालय आहे. परंतु मने तुटली तर ती जोडण्यासाठी कोणतेही न्यायालय नाही.

अशा वेळी प्रत्येकाने दुष्काळ आठवावा. १९७२ मध्ये खडीच्या ढिगावर शेजारी बसून मिलोची भाकरी वाटून खाताना कोणी जात विचारली नव्हती. छावणीत एकाच दावणीला बांधलेली जनावरे कोणत्या समाजाची होती? पुराच्या पाण्यात दोर टाकणाऱ्याचे आडनाव बुडणारा विचारत नाही. आपल्या आयुष्यात अडल्या वेळी कोणाकोणाचे हात मदतीला आले, त्यांची यादी प्रत्येकाने मनाशी करावी. त्या यादीत सगळ्या आळ्यांची नावे निघतील. ज्या हातातून देव प्रकट झाला, तो हात परका कसा मानायचा? कृतज्ञतेची आठवण जिवंत असेल तर द्वेषाला गावात शिरायला वाट मिळत नाही. ती आठवण बुजली की मग कोणीही येऊन दोन शेजाऱ्यांमध्ये भिंत घालून जातो.

पाहण्याची सवय

तात्पर्य, ईश्वराचे अस्तित्व जाणवणे ही काही दैवयोगाने लाभणारी गोष्ट नाही. ती सवय आहे आणि सवय लावावी लागते. त्यासाठी हिमालयात जायला नको, घरचा उंबरठा पुरेसा आहे.

पूर्वी दिवेलागणीला घरात शुभंकरोती होत असे. आजही अनेक घरांत ती होते. त्यानंतर दोन मिनिटे घरातील प्रत्येकाने दिवसभरात पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगावी. मुलाने सांगावे की वर्गात कोणी डबा वाटून खाल्ला. गृहिणीने सांगावे की भाजीवाल्या मावशींनी सुट्टे पैसे नव्हते तर उद्या द्या म्हटले. आजोबांनी सांगावे की एसटीत एका तरुणाने जागा दिली. वडिलांनी सांगावे की कडुनिंबाला नवी पालवी फुटली. गोष्ट मोठी असण्याची गरज नाही, ती पाहिलेली असावी एवढेच. पहिले चार दिवस कोणाला काही आठवणार नाही. आठवड्याभराने दिवस उजाडल्यापासूनच डोळे शोधू लागतील. वर्षभरात त्या घरातील मुलाचा स्वभाव बदललेला दिसेल. ज्याला चांगुलपणा दिसू लागतो, त्याला तो करावासाही वाटू लागतो.

याला कृतीची जोड द्यावी. चैत्र लागला की गच्चीवर किंवा अंगणात पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवावे आणि ते रोज भरावे. भांडे ठेवण्याचा उत्साह सर्वांना असतो, रोज भरण्याची जबाबदारी एकाने घ्यावी लागते. गल्लीच्या तोंडाशी चार घरांनी मिळून रांजण मांडावा. आपल्या गावातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे म्हातारे आई-वडील मागे असतील, तर आठवड्यातून एकदा त्यांच्या दारात डोकावावे. या गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत. लक्ष लागते, आणि लक्ष देणे हीच पूजेतली मुख्य गोष्ट होय. फूल वाहताना मन बाजारात असेल तर फूल केवळ दगडावर पडते.

पुन्हा एकदा कपिलधारकडे वळावे. कार्तिक पौर्णिमेला तेथे मन्मथस्वामींच्या दर्शनासाठी दुरून दिंड्या येतात, तेव्हा डोंगर अजून ओला असतो. पुढे माघ जातो, फाल्गुन जातो, धार बारीक होत होत थांबते. त्या दिवसांत तापलेल्या रस्त्याने कोणी वाटसरू जात असेल आणि कडेच्या लिंबाखाली कोणी अनामिकाने भरून ठेवलेला रांजण त्याला दिसेल. तो ओंजळीने पाणी पिईल, उरलेले तोंडावरून फिरवील आणि नकळत कपाळाला हात लावील. श्रावणातल्या धबधब्यापुढे जोडले जाणारे हात आणि हा हात यांत काहीही अंतर नाही.

आता पाहावयाचे एवढेच की, उद्या सकाळी तो रांजण पुन्हा कोण भरणार आहे.